एक दरवाजा, दोन दावेदार : संगणकातील पोर्ट व आवृत्तीचे तंटे

मथळा वाचून वाचकांना वाटेल की हा एखाद्या गाळ्याचा किंवा वहिवाटीचा तंटा असावा. एका अर्थी तसेच आहे. फरक इतकाच की ही जागा आमच्या कर्जतच्या कापड दुकानातील संगणकाच्या आत होती आणि दोन्ही दावेदार आमच्याच घरचे होते. एक, दुकानाचा हिशेब सांभाळणारे टॅली. दुसरा, आमच्या भाच्याने शिकण्यासाठी बसवलेला हडूप. या तंट्यात दुकानाची दोन दिवसांची बिले अडकली, भाच्याची चार रात्रींची मेहनत वाया गेली आणि जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर येऊन ठेपली. तंटा मिटला तो दोन साधे प्रश्न विचारल्यामुळे. ते प्रश्न व्यापारी बांधवांना आणि संगणक शिकणाऱ्या मुलांना उपयोगी पडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. इंग्रजी आम्ही शिकलो ती मालाच्या गाठींवरचे शिक्के वाचून. तेव्हा जे आम्हाला समजले ते आमच्याच बोलीत सांगतो.

हडूप म्हणजे काय?

माहिती इतकी वाढली की ती एका संगणकात मावेना, तर ती तुकडे करून अनेक संगणकांवर ठेवायची आणि हिशेबही सगळ्यांकडून एकाच वेळी करून घ्यायचा, ही हडूपची कल्पना. डग कटिंग व माईक कॅफरेला यांनी ते उभे केले व २००६ पासून ते हडूप या नावाने ओळखले जाऊ लागले. कटिंग यांच्या लहान मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचे हे नाव. आपल्याकडे आधारच्या उभारणीतही हडूपचा वापर झाला आहे.

कापड दुकानाला याची गरज आहे का? खरे सांगायचे तर नाही. आमची अकरा वर्षांची सर्व बिले एका पेनड्राईव्हमध्ये मावतात. गरज होती ती भाच्याला. ऐरोली-महापेकडे अशा कामाच्या नोकऱ्या असतात आणि त्याची मुलाखत ठरली होती. मुलाखतीत दाखवायला त्याला स्वतः केलेले काम हवे होते. तो म्हणाला, "मामू, तुमच्या बिलांची नक्कल द्या. कोणत्या महिन्यात कोणते कापड चालते ते मी काढून दाखवतो." आम्ही नक्कल दिली आणि दुकानाचा संगणकही दिला. दिवसा तो कोंडाण्याहून आमच्याबरोबर दुकानात येई आणि दुकान बंद झाल्यावर रात्री तेथेच बसून काम करी.

दरवाजा म्हणजे पोर्ट, पन्हा म्हणजे आवृत्ती

एका संगणकात अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालतात. बाहेरून आलेला निरोप कोणासाठी आहे हे कळावे म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो. त्यालाच पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असतात. कर्जत स्थानकाचे उदाहरण घ्यावे. खोपोलीची गाडी फलाटावर उभी असेल तर त्याच फलाटावर मुंबईची गाडी घेता येत नाही. तिला सिग्नलवर थांबावे लागते. तद्वत एका पोर्टवर एक प्रोग्रॅम कान देऊन बसला की दुसऱ्याला तेथे जागा मिळत नाही. मग संगणक सांगतो, "पत्ता आधीच वापरात आहे."

आवृत्तीचे उदाहरण आमच्या धंद्यातले आहे. शर्टिंग ३६ इंच पन्ह्याचेही येते आणि ५८ इंच पन्ह्याचेही. दोन्ही कापडे चांगलीच. परंतु ५८ इंचाच्या हिशेबाने बेतलेले शर्ट ३६ इंची कापडात त्याच मीटरमध्ये बसत नाही. गिऱ्हाईक येऊन म्हणते, कापड कमी दिले. कापड कमी नसते, पन्हा वेगळा असतो. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचे असेच आहे. हडूप चांगले, जावा चांगले, हाईव्ह चांगले. पण तिघांचा पन्हा जुळला पाहिजे.

पहिला घोटाळा : जुनी वही, नवा माल

भाच्याने पहिल्या रात्री हडूप बसवले. त्याच्याजवळच्या वहीत लिहिले होते की ते नीट सुरू झाले की नाही हे ५०,०७० क्रमांकाच्या दरवाजावर पाहावे. तेथे कोणीच नव्हते. त्याने काढून पुन्हा बसवले. तीनदा असे केले.

वही खोटी नव्हती, जुनी होती. हडूपच्या दुसऱ्या आवृत्तीत तो दरवाजा ५०,०७० होता. डिसेंबर २०१७ मध्ये तिसरी आवृत्ती आली, तेव्हा तो ९,८७० करण्यात आला. तसेच डेटानोडचा ५०,०७५ बदलून ९,८६४ झाला आणि दुय्यम नेमनोडचा ५०,०९० बदलून ९,८६८ झाला.

हा बदल का केला हे समजून घेण्यासारखे आहे. लिनक्समध्ये साधारण ३२,७६८ पासून ६०,९९९ पर्यंतचे क्रमांक तात्पुरत्या वापरासाठी राखलेले असतात. कोणत्याही प्रोग्रॅमला बाहेर बोलायचे असले की त्यातला एखादा क्रमांक त्याला घटकाभर मिळतो. हडूपचे जुने दरवाजे नेमके या पट्ट्यात होते. बाजारात पथारीवाल्यांच्या जागेवर कोणी कायमचे दुकान मांडले तर काय होईल? सकाळी येऊन पाहावे तर तेथे भाजीवाला बसलेला. हडूपचे तसेच होई. कधी सुरू होई, कधी होत नसे. म्हणून दुकानच दुसरीकडे हलवले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच तिसऱ्या आवृत्तीत नेमनोडचा बोलण्याचा दरवाजा ८,०२० वरून ९,८२० केला होता, आणि ३.०.१ मध्ये तो परत ८,०२० करण्यात आला. म्हणजे "तिसरी आवृत्ती" एवढे म्हणून भागत नाही. पूर्ण क्रमांक पाहावा लागतो.

दुसरा घोटाळा : पन्हा जुळेना

दुसऱ्या रात्री हाईव्हची पाळी आली. हडूपमधील माहितीला साध्या भाषेत प्रश्न विचारण्याची सोय म्हणजे हाईव्ह. भाच्याने हाईव्ह ३.१ आणले होते. संगणकात जावा १७ होते. "नवीन आहे ते चांगलेच असेल," असा त्याचा समज. हाईव्ह उभेच राहीना. या हाईव्हला जावा ८ लागते. जावा ८ आणल्यावर तो अडथळा गेला.

जावाच्या बाबतीत एक खूण उपयोगी आहे. चुकीच्या संदेशात कधी कधी ५२, ५५ किंवा ६१ असा आकडा येतो. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११, ६१ म्हणजे जावा १७. संदेश म्हणत असतो की हा माल अमुक आवृत्तीसाठी शिवला आहे आणि तुमच्याकडे त्याहून जुनी आहे. संदेश लांबलचक असला तरी कामाचा तो आकडाच असतो.

त्यानंतर नवीनच तक्रार आली : अमुक पद्धत सापडत नाही. हे प्रकरण गुआवा नावाच्या लहानशा पुडक्याचे होते. हडूप ३.३ आपल्याबरोबर गुआवाची २७ वी आवृत्ती आणते, हाईव्ह ३.१ आपल्याबरोबर १९ वी आणते. दोघे एका घरात आले की संगणकाला जी आधी दिसते ती तो उचलतो. जुनी उचलली गेली आणि नव्याकडे असलेली एक सोय तिच्यात नव्हती. उपाय सोपा निघाला. हाईव्हच्या कपाटातील जुने पुडके बाजूला काढून हडूपकडचे नवे तेथे ठेवले. भाचा ते पुसून टाकणार होता. आम्ही म्हणालो, "पुसू नकोस, दुसऱ्या खणात ठेव. परत लागले तर?"

तिसरा घोटाळा : रात्री चाले, दिवसा चालेना

आता सर्व जुळले. रात्री दोन वाजेपर्यंत भाच्याने बिलांची नक्कल हडूपमध्ये भरली. सकाळी आम्ही टॅली उघडले. दुपारी गिऱ्हाईक नव्हते म्हणून भाचा बसला, तर हडूपचा नेमनोड सुरूच होईना. रात्री परत पाहिले तर सुरू! दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद.

रात्री चालते आणि दिवसा चालत नाही, ही तक्रार नव्हती, हा पुरावा होता. दुकानात दिवसा काय असते जे रात्री नसते? हा प्रश्न आम्ही त्याच दिवशी विचारला असता तर पुढचे नुकसान टळले असते. आम्ही गल्ल्यात गुंतलो होतो, भाचा घाबरला होता. त्याने एका परिचिताला विचारले. त्याने सल्ला दिला, "नेमनोड फॉरमॅट कर, सुरू होईल."

नेमनोड म्हणजे हडूपची खातेवही. कोणत्या फाईलचे तुकडे कोठे ठेवले आहेत हे फक्त तिलाच ठाऊक. फॉरमॅट करणे म्हणजे ती वही फाडून कोरी वही मांडणे. गोदामात ठाण जसेच्या तसे असतात, पण कोणते कोणाचे हे सांगणारे कोणी उरत नाही. भाच्याने फॉरमॅट केले. रात्रीची वेळ होती म्हणून नेमनोड सुरूही झाला आणि त्याला वाटले सल्ला लागू पडला. मग डेटानोड सुरू होईना. नव्या वहीला नवा ओळख क्रमांक मिळाला होता आणि गोदामावर जुन्याच क्रमांकाची पाटी होती. पाटी हाताने बदलता येते, परंतु फाडलेल्या वहीतली नावे त्याने परत येत नाहीत. चार रात्रींचे काम गेले. त्याच्याकडे होती ती नक्कल होती, मूळ बिले टॅलीत सुखरूप होती, म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबले.

बिले अडकली

भाच्याने पुन्हा माहिती भरायला घेतली आणि या वेळी हडूप बंद न करताच तो झोपला. सकाळी दुकान उघडले. आमच्या काउंटरवर बिले करण्यासाठी एक लहान प्रोग्रॅम आहे. तो प्रत्येक बिल टॅलीकडे पाठवतो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बिले छापली जात होती, गिऱ्हाईक माल घेऊन जात होते, मात्र टॅलीत एकही नोंद उतरत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोजमेळ काढला तर गल्ल्यात रक्कम आहे आणि वहीत विक्री शून्य. तारीख होती १७.

आमच्या पोटात गोळा आला. भाचा म्हणाला, "मामू, माझ्यामुळे झाले. मी सगळे काढून टाकतो." आम्ही म्हणालो, "काहीही काढू नकोस. आधी पाहू, टॅलीच्या दरवाजात कोण बसले आहे."

हाच तो पहिला प्रश्न.

दरवाजात कोण?

टॅली नेहमीच्या मांडणीत ९,००० क्रमांकाच्या पोर्टवर निरोप घेते. आमचा काउंटरचा प्रोग्रॅम बिले त्याच क्रमांकावर पाठवतो. भाच्याने संगणकाच्या ब्राउझरमध्ये ९,००० चा पत्ता लिहून पाहिला. उत्तर आले ते टॅलीचे नव्हे. तेथे इंग्रजीत लिहिले होते की तुम्ही हडूपच्या अंतर्गत पोर्टवर वेबची विनंती करत आहात, हा दरवाजा त्यासाठी नाही. भाच्याच्या वहीत हडूपचा पत्ता म्हणून ९,००० हाच आकडा लिहिला होता. शिकण्याच्या अनेक पाठांत तोच असतो. दिवसा टॅली आधी बसे म्हणून हडूपला जागा मिळत नसे. रात्री हडूप बसून राहिला म्हणून सकाळी बिले चुकीच्या दारावर जाऊ लागली.

मग भाच्याला हे आधी का दिसले नाही? त्याने हडूप विंडोजच्या पोटात बसवलेल्या उबुंटूमध्ये ठेवले होते, आणि मांडणी अशी होती की दोघांचे दरवाजे सामायिक राहतील. तो आतल्या उबुंटूला विचारत होता. टॅली बसले होते बाहेर, विंडोजमध्ये. ओटीवर बसलेला माणूस माजघरातून कसा दिसणार? विंडोजला विचारायचे तर नेटस्टॅट हा हुकूम आहे. त्याच्यापुढे आडवी रेघ देऊन ए, एन, ओ ही तीन इंग्रजी अक्षरे लिहावीत. कोणता क्रमांक कोणी धरला आहे त्याची यादी येते आणि शेवटच्या रकान्यात धरणाऱ्याचा क्रमांक असतो. टास्क मॅनेजरमध्ये त्या क्रमांकावरून नाव कळते. यासाठी पदवी लागत नाही.

कोणी हलायचे?

आता न्याय करायचा होता. टॅलीचाही पोर्ट बदलता येतो, हडूपचाही. आम्ही ठरवले की जो नंतर आला त्याने हलावे. कारण टॅलीच्या ९,००० वर काउंटरचा प्रोग्रॅम अवलंबून आहे. एक हलवले की त्याच्या मागची सगळी मांडणी हलवावी लागते. हडूपला ८,०२० दिला, जो त्याचा स्वतःचा ठरलेला दरवाजाच आहे. त्याच्या मांडणीच्या फाईलमध्ये एका ओळीतला एक आकडा बदलला. टॅली पुन्हा उघडले, काउंटरच्या प्रोग्रॅमने अडकलेली बिले एकामागून एक पाठवली. आम्ही छापील प्रतींशी प्रत्येक बिल ताडून पाहिले. रात्रीचे साडेअकरा वाजले, पण रोजमेळ गल्ल्याशी जुळला.

एक काम उरले होते. हडूप ८,०२० वर सुरू झाले तरी हाईव्ह मात्र ९,००० चेच दार ठोठावत होते. दुकानाची जागा बदलली तरी व्यापाऱ्यांकडे जुन्याच पत्त्याची कार्डे असतात, तसे हाईव्हच्या वहीत पूर्ण पत्ता, पोर्टसकट, लिहिलेला असतो. ती वही हडूपच्या बाहेर, वेगळ्या ठिकाणी असते. म्हणून फॉरमॅटमध्येही ती वाचली होती. जुने पत्ते बदलून नवे लिहिण्यासाठी हाईव्हबरोबर मेटाटूल नावाचे साधन येते. त्याने आधी पत्त्यांची यादी पाहिली, मग बदल केला. बोध असा की पोर्ट बदलला की तो पत्ता आणखी कोणाकोणाकडे लिहिलेला आहे, हे विचारल्याशिवाय काम पुरे समजू नये.

असे तंटे इतरत्रही होतात. झूकीपरच्या ३.५ आवृत्तीपासून त्याचा देखरेखीचा भाग ८,०८० क्रमांक धरतो आणि स्पार्कच्या मुख्य नोडचे पानही ८,०८० वरच असते. झूकीपर नवे केल्यावर स्पार्कचे ते पान कालच्या दारावर दिसत नाही, आणि मुले स्पार्कला दोष देत बसतात. स्पार्कचे कामाचे पान ४,०४० वर असते. तेथे कोणी असेल तर ते आपणहून ४,०४१ वर सरकते. तेव्हा दिसत नाही म्हणजे बंद पडले असे समजू नये, शेजारच्या दारात पाहावे.

चोपडी ठेवावी

या प्रसंगानंतर आम्ही संगणकाशेजारी एक लाल चोपडी ठेवली आहे. त्यात चार रकाने आहेत : प्रोग्रॅमचे नाव, पूर्ण आवृत्ती, पोर्ट, आणि त्या पोर्टवर कोण अवलंबून आहे. नवे काही बसवायचे तर आधी चोपडी उघडायची. रेल्वेनेही असेच केले. आमच्या मार्गावर एके काळी १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. तो टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टच्या एसीवर नेला गेला. मुंबईच्या मुख्य मार्गावरील ते काम २०१५ मध्ये पुरे झाले. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने होती. कोठे कोणता प्रवाह आहे हे लिहून ठेवल्याशिवाय हे जमले असते का?

व्यापारी बांधवांनी व मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१. काही अडले की पुन्हा बसवण्याआधी संदेश पूर्ण वाचावा. पत्ता वापरात आहे असे असेल तर तंटा दरवाजाचा. काही सापडत नाही किंवा आवृत्तीचा आकडा आला तर तंटा पन्ह्याचा.

२. कधी चालते आणि कधी चालत नाही, याची वेळ लिहावी. उत्तर बहुधा तेथेच असते.

३. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

४. वही आणि पाठ कोणत्या आवृत्तीचे आहेत ते आधी पाहावे.

५. फॉरमॅट हा उपाय नव्हे. तंटा मिटवण्यासाठी घर पाडत नाहीत. शिकण्यासाठी मूळ माल देऊ नये, नक्कल द्यावी.

६. कमाईच्या संगणकावर शिकवणी चालवू नये. ही चूक आमची होती, टॅलीची नव्हे आणि हडूपचीही नव्हे. पुढच्या महिन्यात आम्ही भाच्यासाठी जुना संगणक विकत घेतला.

विवरणपत्र १९ तारखेला भरले. भाच्याने मुलाखतीत कापडाचा तक्ता दाखवला, पण समोरच्यांनी सर्वांत जास्त वेळ विचारले ते त्या ९,००० च्या तंट्याबद्दल. फॉरमॅट केल्याचेही त्याने लपवले नाही. त्या ठिकाणी त्याचे जमले नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे जमले. कामावर जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने आमच्याकडून एक कोरी चोपडी मागून घेतली आणि तिच्यावर चार रकाने आखले.